कोर्टाच्या तारखेला मुलांचे पोट का दुखते?

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत अशी एखादी आजी अधूनमधून येतेच. सोबत आठ वर्षांची नात. "डॉक्टर, हिच्या पोटात दुखतंय. बेंबीपाशी. जेवत नाही, शाळेत जात नाही." पिशवीतून कागद निघतात. दोन खासगी दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीचा नॉर्मल अहवाल, लघवी-शौचाच्या तपासण्या, दोनदा दिलेल्या जंतांच्या गोळ्या. सगळे ठीक. तरी पोरीचे दुखणे थांबत नाही.

दुखणे कधीपासून, असे विचारले की आजी थोडी घुटमळते. "लेक माहेरी आलीय दिवाळीपासून." आणि मग हळूच, "उद्या जालन्याला तारीख आहे."

मागच्या तारखेच्या आदल्या दिवशीही दुखले होते का? आजी नातीकडे बघते. दुखले होते. त्याच्या मागच्या वेळीही.

मुलगी खोटे बोलत नसते. तिचे पोट खरोखर दुखत असते. तिच्या दुखण्याचे कारण मात्र सोनोग्राफीत दिसत नाही.

दुखणे खरे, कारण वेगळे

जॉन अॅपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ मध्ये शाळकरी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक हजार मुलांपैकी सुमारे दहा टक्के मुलांना वारंवार पोटदुखी होती, म्हणजे तीन महिन्यांत किमान तीन वेळा आणि रोजच्या कामात अडथळा येईल इतकी. त्यांतल्या फार थोड्या मुलांमध्ये शारीरिक आजार सापडला. बेंबीपासून दुखण्याची जागा जितकी दूर, तितकी शारीरिक आजाराची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा डॉक्टर आजही वापरतात.

आतडे आणि मेंदू यांच्यामध्ये मज्जातंतूंचे दाट जाळे असते. भीती वाटली की शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी संवेदना वेदना म्हणून जाणवते. परीक्षेच्या दिवशी मोठ्यांनाही संडासला पळावे लागते, त्यातलाच हा प्रकार. मोठ्या माणसाला "मला धास्ती वाटते" असे म्हणता येते. लहान मुलाजवळ तेवढे शब्द नसतात, म्हणून ते पोट दाखवते.

तरीही प्रत्येक दुखणे "मनाचे" म्हणून सोडून देऊ नये. वजन घटणे, उंची न वाढणे, शौचातून रक्त जाणे, हिरवी उलटी, वारंवार ताप, झोपेतून उठवणारी वेदना किंवा बेंबीपासून दूर, एकाच ठिकाणी दुखणे, यांपैकी काही असेल तर पूर्ण तपासणी झालीच पाहिजे. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर आधी लघवीतील जंतुसंसर्ग आणि मधुमेह नाही ना, हे पाहावे. हे सगळे नॉर्मल आले, की घराकडे पाहण्याची वेळ येते.

इजा कशाने होते?

आईवडील वेगळे झाले म्हणजे मुलाचे वाटोळे झाले, अशी आपल्याकडे समजूत आहे. संशोधन तसे सांगत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १,४०० कुटुंबांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. घटस्फोटित आईवडिलांच्या मुलांपैकी २० ते २५ टक्के मुलांमध्ये गंभीर भावनिक किंवा वर्तनाच्या अडचणी दिसल्या. एकत्र राहणाऱ्या आईवडिलांच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. धोका दुपटीने वाढतो, हे खरे. पण चारपैकी तीन मुले सावरतात, हेही तितकेच खरे.

सावरणारी मुले आणि न सावरणारी मुले यांच्यात मोठा फरक पाडते ती आईवडिलांमधली भांडणे. वेगळे होण्याआधीची आणि त्यानंतरचीही. २०१३ मध्ये अमेरिकेत सहा ते बारा महिन्यांच्या वीस बाळांची झोपेत असताना मेंदूची एमआरआय तपासणी करण्यात आली. झोपलेल्या बाळांना पुरुषाच्या आवाजातील अर्थहीन वाक्ये ऐकवली, काही शांत सुरात, काही रागात. ज्या घरांत आईवडिलांची भांडणे जास्त होती, त्या बाळांच्या मेंदूतील ताणाशी संबंधित भाग रागाच्या आवाजाला अधिक तीव्र प्रतिसाद देत होते. अभ्यास छोटा आहे. पण "लहान आहे, त्याला काय कळतंय" असे म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

ताण वयाप्रमाणे वेगवेगळा दिसतो. दोन-तीन वर्षांचे मूल चिकटून राहते, रात्री दचकून उठते, सुटलेली बाटली पुन्हा मागते. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटते की आपण दंगा केला म्हणून बाबा गेले. शाळेतल्या मुलाचे पोट किंवा डोके दुखते, अभ्यास घसरतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा घराबाहेर राहू लागतो, तंबाखू-गुटख्याकडे वळतो, तर त्याच वयाची मुलगी अचानक घरातली मोठी बाई होऊन आईला सांभाळू लागते. ती "शहाणी" झाली म्हणून सगळे कौतुक करतात. तिच्या मनावरचे ओझे कोणी विचारत नाही.

"ताबा" हा शब्द

आपल्या भागात "ताबा" म्हटले की आधी शेत आठवते. सातबारा कोणाच्या नावावर आणि ताबा कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालतात. मुलांच्या बाबतीत हाच शब्द वापरला जातो आणि भांडणही अनेकदा त्याच चालीने होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले आहे की मुले ही मालमत्ता नाहीत आणि आईवडिलांची खेळणीही नाहीत.

कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मांच्या नागरिकांना लागू होतो. मुलाचे नेहमीचे राहणे जिथे असेल, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ हा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे. मुस्लिम कुटुंबांमध्ये हनफी परंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क आईचा मानला जातो. कोणताही कायदा लावला तरी न्यायालयापुढची अंतिम कसोटी एकच असते : मुलाचे हित.

१९५६ च्या कायद्यात आजही "वडील, आणि त्यांच्यानंतर आई" अशी नैसर्गिक पालकांची क्रमवारी लिहिलेली आहे. पण या "नंतर"चा अर्थ बदलला, आणि त्याची एक वाट विदर्भातल्या शेतातून गेली. शेतजमिनीच्या कुळाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान, निकाल १९७० चा. आईवडील वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. वडील हयात होते, पण मुलीकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते. अज्ञान मुलीची जमीन आईच सांभाळत होती. अशा वडिलांचे असणे नसल्यासारखेच आहे आणि आईच नैसर्गिक पालक मानली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात हा विचार सर्वांसाठी मोकळा झाला. "नंतर" म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नाही, तर वडील प्रत्यक्षात जबाबदारी घेत नसतील तेव्हाही, असा अर्थ न्यायालयाने लावला.

दोघांचे मूल, दोन घरे

गेल्या काही वर्षांत प्रश्न थोडा पुढे सरकला आहे. मूल आईला की वडिलांना, याऐवजी दोघांनाही कसे मिळेल, असे विचारले जाऊ लागले. यालाच सामायिक पालकत्व म्हणतात. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत हा हक्क मुलाचा मानला आहे : मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर वेगळ्या झालेल्या दोन्ही पालकांशी नियमित संपर्क. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला. संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा आणि वडिलांना आईपेक्षा वर ठेवणारी क्रमवारी काढावी, अशी शिफारस त्यात आहे. संयुक्त ताबा सरसकट मात्र देऊ नये, मुलाच्या हिताचा असेल तिथेच द्यावा, असेही आयोगाने बजावले. त्यासाठीचा कायदा अजून झालेला नाही. तरी न्यायालये भेटीचे सविस्तर आदेश देतात. मुलाला दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे आणि अंतर जास्त असेल तर व्हिडिओ कॉलवर बोलणे व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे.

याचा मुलांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो? स्वीडनमध्ये एक आठवडा आईकडे, एक आठवडा वडिलांकडे अशी पद्धत बरीच रुळली आहे. तिथल्या सुमारे दीड लाख शाळकरी मुलांच्या पाहणीत (२०१५) असे दिसले, की झोप न लागणे, डोकेदुखी, पोटदुखी अशा तक्रारी एकाच पालकाजवळ राहणाऱ्या मुलांपेक्षा दोन्ही घरी राहणाऱ्या मुलांमध्ये कमी होत्या. आईवडील एकत्र असलेल्या मुलांमध्ये त्या सर्वांत कमी. पण हा निष्कर्ष जपून वाचायला हवा. जे आईवडील आठवडे वाटून घेऊ शकतात, त्यांच्यात मुळातच बोलणे-चालणे शिल्लक असते. फायदा वाटणीचा की समजूतदारपणाचा, हे अशा पाहणीतून वेगळे काढता येत नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभवही बोलका आहे. तिथे २००६ मध्ये कायदा बदलून दोन्ही पालकांची जबाबदारी समान असल्याचे गृहीत धरले गेले. हिंसाचार असलेल्या घरांतही ते लागू होईल, ही चिंता वाढत गेली आणि २०२३ च्या दुरुस्तीने ते गृहीतक काढून टाकण्यात आले. आता प्रत्येक मुलाचे हित स्वतंत्रपणे पाहिले जाते.

जिथे मारहाण आहे

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट हवी. मारहाण, लैंगिक छळ, दारूच्या नशेतील धिंगाणा अशा घरात "दोघेही समान" हे सूत्र मुलासाठी धोक्याचे ठरू शकते. घरगुती हिंसाचार प्रतिबंध कायदा, २००५ च्या कलम २१ नुसार न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि धोका असेल तर भेट नाकारू शकतात. अशा मुलाच्या अंगावरील जखमांची वैद्यकीय नोंद वेळेवर होणे फार महत्त्वाचे असते.

दुसऱ्या टोकाला असते कान भरणे. "तुझा बाप असला आणि तुझी आई तसली." एक पालक मुलाला दुसऱ्याविरुद्ध उभे करतो. हे घडते, आणि २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखलही घेतली. मात्र याला आजाराचे नाव देण्याची घाई नको. १९८५ मध्ये अमेरिकेत मांडलेला "पालक-दुरावा सिंड्रोम" आजारांच्या मान्यताप्राप्त यादीत नाही. मूल वडिलांना भेटायला नकार देते तेव्हा कधी कोणीतरी शिकवलेले असते, तर कधी मुलाला खरोखर भीती असते. कोणावरही हा शिक्का घाईने मारू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०२४ मध्ये सांगितले. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १२ नुसार न्यायालय अशा वेळी वैद्यकीय किंवा समाजकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञांची मदत घेऊ शकते.

भोकरदन ते परतूर

स्वीडनमधली दोन घरे एकाच गावात, एकाच शाळेच्या आसपास असतात. इथे सासर भोकरदनकडे आणि माहेर परतूरकडे असेल तर मधे अख्खा जिल्हा पडतो. एका भेटीसाठी लहानग्याला एसटी बदलत दिवस काढावा लागतो. अंबड-घनसावंगी भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत दिवाळीनंतर आई किंवा वडील, कधी दोघेही, सहा-सहा महिने जिल्ह्याबाहेर असतात. मूल आजीजवळ राहते. त्यामुळे "दर शनिवारी दुपारी" असा शहरी आदेश इथे चालत नाही. हंगाम पाहून, शाळेच्या सुट्ट्या पाहून वेळा ठरवाव्या लागतात. कमी वेळा पण ठरलेली भेट, आणि मधल्या काळात ठरलेल्या वेळेला फोन. मुलाला सर्वांत जास्त त्रास "येतो म्हणाले आणि आलेच नाहीत" याचा होतो.

दुसरी अडचण कागदाची. अनेक जोडपी कोर्टात जातच नाहीत. चार मंडळींची बैठक बसते, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली जाते आणि त्यात एक ओळ असते, "मुलांवर वडिलांचा कोणताही हक्क राहणार नाही" किंवा "आई मुलांची मागणी करणार नाही". या ओळीने मुलाचा हक्क संपत नाही. आईवडिलांनी आपसांत काहीही लिहिले तरी न्यायालय त्याला बांधील नसते आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो. "खर्च देत नाही म्हणून भेट नाही" आणि "भेट नाही म्हणून खर्च नाही" ही साखळीही चुकीची. मुलाच्या पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली स्वतंत्रपणे करता येतो. भेटीचा प्रश्न वेगळा सुटतो.

करारात आरोग्याच्या या गोष्टी लिहा

समजुतीने ठरत असेल तर भेटीच्या वेळांबरोबर पुढील गोष्टी लेखी असाव्यात. बहुतेक करारांत त्या राहून जातात.

१) लसीकरण कार्ड आणि आजारपणाची फाइल मुलाबरोबर जाईल. मूळ कागद एकाने अडवून ठेवायचे नाहीत. दुसऱ्याकडे छायाप्रत असावी.

२) दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या, इन्सुलिन अशी रोजची औषधे कोण देणार, किती दिवसांची बरोबर पाठवणार. फिटच्या गोळ्या एक दिवस चुकल्या तरी झटका येऊ शकतो.

३) शस्त्रक्रियेसारखा मोठा निर्णय दोघांना कळवून घ्यावा. तातडीच्या वेळी मात्र मूल ज्याच्याजवळ असेल त्याने लगेच दवाखाना गाठावा. जीव वाचवणारे उपचार दुसऱ्याच्या सहीसाठी थांबत नाहीत.

४) अंगावर पिणाऱ्या बाळाच्या भेटी छोट्या पण वारंवार, शक्यतो बाळाच्या ओळखीच्या जागी. रात्रीचा मुक्काम हळूहळू वाढवावा.

५) झोपेची वेळ, शाळा आणि मोबाइलचे नियम दोन्ही घरी शक्यतो सारखे.

६) निरोप मुलाच्या तोंडून पाठवायचा नाही. "बापाला सांग पैसे पाठव" हे वाक्य मुलाने वाहून न्यायचे नसते.

७) आजी-आजोबांची भेट दोन्हीकडची सुरू ठेवावी.

हे ठरवायला मध्यस्थाची मदत होते. अमेरिकेतील रॉबर्ट एमरी यांनी ताब्याच्या वादातील कुटुंबांना सोडतीने दोन गटांत विभागले, एक मध्यस्थीकडे आणि दुसरा खटल्याकडे. मध्यस्थीला सरासरी पाच-सहा तासच लागले. बारा वर्षांनंतर पाहिले तेव्हा मध्यस्थीच्या गटातील वेगळे राहणारे पालक मुलांना कितीतरी जास्त वेळा भेटत होते, फोन करत होते.

मदत कुठे मिळते

महिला आणि मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. जालन्यात जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. फोनवर चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. मूल धोक्यात असेल तर १०९८, हिंसाचार सोसणाऱ्या महिलेसाठी १८१ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. मुलाचे दुखणे वारंवार होत असेल तर शासकीय रुग्णालयातील बालरोग आणि मानसोपचार विभागात दाखवावे आणि घरातली परिस्थिती डॉक्टरांपासून लपवू नये. ती सांगितली नाही तर मुलाच्या वाट्याला आणखी एक सोनोग्राफी येते.

आजीच्या नातीला त्या दिवशी औषध फारसे लागत नाही. आईला बोलावून घेतले जाते. उद्या कोर्टात काय होणार, हे मुलीला कोणी सांगितले आहे का, असे विचारले जाते. कोणीच सांगितलेले नसते. तिला वाटत असते की उद्या साहेब तिला विचारणार, आई हवी की बाबा, आणि जे नाव ती घेणार नाही ते माणूस कायमचे जाणार. तसे काही नाही, उद्या फक्त मोठी माणसे बोलणार आहेत, तू शाळेत जा, आणि रविवारी बाबांचा फोन येईल, एवढे आईने तिला त्या रात्री सांगायचे असते. आणि रविवारी तो फोन यायला हवा.